पाणीवाटप विधेयकाच्या शेचाळीस दुरुस्त्या

आमच्या जुन्या ऑफिसच्या ग्रंथालयातून फोन आला तेव्हा मी आधी खूश झाले. विधिमंडळाच्या कायदे-छपाई शाखेत संगणक नवीन आले त्या काळच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आहेत, तेव्हाचे एडिटर, म्हणजे संगणकावर मजकूर दुरुस्त करायचे प्रोग्रॅम, कसे असत, काम कसं चाले, हे सांगणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही, तुम्ही याल का, असं तिथली मुलगी अदबीने विचारत होती. मी म्हटलं, येईन की. छत्तीस वर्षं त्या शाखेत काढली, मी नाही सांगणार तर कोण सांगणार? मग ती म्हणाली की तुमच्या धाकट्या बहीणही येणार आहेत, त्यांनी तर फोनवर लगेच दोन किस्से सांगितले, किती छान बोलतात त्या. झालं, माझ्या आनंदावर विरजण पडलं. धाकटी त्या शाखेत सगळे मिळून अकरा महिने होती.

आडपडदा न ठेवता सांगते, मला माझ्या बहिणीचा हेवा वाटतो. आज मी अडुसष्ट वर्षांची आहे. वयाबरोबर हे कमी होतं असं लोक म्हणतात. माझ्या गुडघ्यांतलं वंगण कमी झालं, हेवा होता तिथेच आहे. ती माझ्याहून सात वर्षांनी लहान. तिच्या जन्मापर्यंत मी घरातली एकुलती एक होते, आणि ती आली त्या दिवसापासून मी 'मोठी' झाले. मोठीने समजून घ्यायचं, मोठीने सोडून द्यायचं. दिसायला ती बरी, बोलायला गोड, आणि वाईट म्हणजे स्वभावाने खरोखरच चांगली. दुष्ट असती तर माझं काम किती सोपं झालं असतं.

आता त्या एडिटरविषयी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. तेव्हा आम्ही जो मजकूर दुरुस्त करायचो तो आम्हाला दिसत नसे. पडदाच नव्हता. टेबलाएवढं टर्मिनल, त्याला की-बोर्ड आणि वर कागदाचं भेंडोळं. तुम्ही कमांड टाइप करायची आणि यंत्राने खडखडत त्याच कागदावर उत्तर छापायचं. एकतिसावी ओळ दाखव म्हटलं की तेवढी एक ओळ छापून येई. एकतिसावी काढ म्हटलं की काढून टाकी, आणि काढली असं सांगतही नसे. तुमचं काही चुकलं तर एकच प्रश्नचिन्ह छापून गप्प बसे. काय चुकलं, कुठे चुकलं, ते तुमचं तुम्ही शोधा. आमचे एक काका याच पद्धतीने बोलत, त्यामुळे मला त्याची सवय होती.

कायद्याच्या कामाला हा एडिटर मापाने शिवल्यासारखा होता. सभागृहात दुरुस्त्या मंजूर होऊन येत त्या अशाच भाषेत: अमुक ओळ गाळावी, तमुक ओळीऐवजी पुढील ओळ घालावी. चिठ्ठीवरचं तसंच्या तसं यंत्राला सांगायचं, एवढंच. पण त्यात एक खुबी होती. आधी अख्खं विधेयक ओळींचे आकडे घालून छापून घ्यायचं, चिठ्ठ्या त्या आकड्यांप्रमाणे लावायच्या, आणि मग सगळ्यात शेवटच्या दुरुस्तीपासून सुरुवात करून एकेक करत वर यायचं. कारण वरची एक ओळ काढली की तिच्याखालच्या सगळ्या ओळींचे आकडे एकाने सरकतात. यंत्रातले सरकतात, तुमच्या हातातल्या कागदावरचे सरकत नाहीत. वरून सुरू केलंत तर दुसऱ्या दुरुस्तीपासून तुम्ही भलत्याच ओळीची मान कापायला लागता, आणि यंत्र ती मुकाट्याने कापू देतं. खालून वर गेलं की ही भानगड नाही. जे सरकतं ते तुमचं काम होऊन गेलेलं असतं.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दोन विधेयकांची माती केल्यावर माझं मलाच सुचलं होतं, आणि शाखेत नवीन कुणी आलं की मी ते मोठ्या रुबाबात शिकवायची. मला सगळे 'ओळवाली' म्हणत. चारशे ओळींचं विधेयक सकाळी एकदा वाचलं की दिवसभर माझ्या डोक्यात असे. दुसऱ्या कुणी टर्मिनलवर काम करत असेल तर पाठमोरी बसूनही नुसत्या आवाजावरून मला कळे की ओळ काढली, घातली की नुसती पाहिली. सात वर्षं मी हंगामी होते, पण शाखेत माझ्यावाचून पान हलत नव्हतं. घरात मी मोठी होते, पण ऑफिसात मी थोर होते, आणि त्या दोन्हींत फार फरक आहे.

धाकटीला त्या ऑफिसात मीच लावलं. आईने सांगितलं म्हणून. आम्ही तिघी दोन खोल्यांत राहत होतो, धाकटीची परीक्षा झाली होती, आणि आई रोज विचारी की तुझ्याकडे तिचं काही होतं का बघ. मी आमच्या शाखाप्रमुखांना विचारलं. हे गृहस्थ कुठलंच वाक्य पुरं करत नसत, म्हणून त्यांचं नाव 'अर्धविराम' पडलं होतं. ते म्हणाले, बहीण आहे म्हणता, तर मग, आणि हात हलवला. त्याचा अर्थ 'घेऊन या' असा होता.

ती आली त्याच आठवड्यात शाखेत पडद्याचं पहिलं टर्मिनल आलं, आणि त्याच्याबरोबर नवा एडिटर. त्यात मजकूर समोर दिसे. बाणाची कळ दाबत कर्सर हव्या त्या शब्दावर न्यायचा, खोडायचं, लिहायचं, की डोळ्यांदेखत बाकीचा मजकूर सरकून जागा करून देई. आकडे नकोत, चिठ्ठ्या लावणं नको, काही डोक्यात ठेवणं नको. मी त्याच्यासमोर एकदा बसले आणि घाबरून उठले. मी काही तरी टाइप करायला गेले आणि त्याने ती अक्षरं कमांड समजून माझा अख्खा परिच्छेद गिळला. मी सगळ्यांदेखत म्हटलं की हे खेळणं आहे, याच्यावर कायदे करता येणार नाहीत. धाकटी त्याच्यासमोर बसली ती संध्याकाळी उठली, आणि दुसऱ्या दिवशी ती इतरांना शिकवत होती.

तीन महिन्यांत माझी थोरवी संपली. जे शिकायला मला सात वर्षं लागली ते आता कुणालाच शिकायचं नव्हतं. त्या एका टर्मिनलपुढे रांग लागे आणि धाकटी हसतमुखाने सगळ्यांच्या अडचणी सोडवी. छापखान्याचा फोरमन आमच्या खोलीत पूर्वी फक्त भांडायला येई, तोसुद्धा तिच्या खुर्चीमागे उभा राहून पडदा बघत बसे. अर्धविराम तर तिच्याशी बोलताना वाक्य पुरं करायला लागले होते. मी कागदी टर्मिनलवर खडखड करत बसे आणि माझ्या अंगाचा तिळपापड होई. घरी गेलं की तेच. आई तिला विचारी, आज पडद्यावर काय केलंस, आणि मला विचारी, दूध आणलंस का.

खालून वर जायचं ते मी धाकटीला शिकवलं नाही. तिला गरजच पडली नाही, हे खरं आहे. मनात आणलं असतं तर शिकवता आलं असतं, हेही खरं आहे. तेवढी एकच गोष्ट उरली होती जी मला येत होती आणि तिला येत नव्हती, आणि ती मी ट्रंकेत दागिना ठेवावा तशी ठेवली होती.

मग पक्क्या जागेचं निघालं. शाखेत एकच कायम जागा मंजूर झाली. हंगामी आम्ही दोघीच उरलो होतो. ज्याला जागा मिळणार नाही त्याचं काम मुदतीनंतर संपणार, हे उघड होतं. मी एकतीस वर्षांची, दुसरीकडे कुठे हा एडिटर वापरत नव्हते, आणि मला दुसरं काही येत नव्हतं. ती जागा गेली असती तर मी घरी बसले असते, आईसमोर, आणि संध्याकाळी धाकटी कामावरून आली की तिला पाणी दिलं असतं. हे चित्र मला इतकं स्वच्छ दिसत होतं की त्या दिवसांत मला जेवण जात नसे. धाकटीनेही अर्ज केला होता. का करणार नाही? मला विचारून केला होता, आणि मी म्हटलं होतं, कर की, त्यात काय.

नाव ज्या आठवड्यात वर पाठवायचं होतं त्याच आठवड्यात पाणीवाटप विधेयक आलं. चारशे बारा ओळी, शेचाळीस दुरुस्त्या, आणि चार वाजता मजकूर छापखान्यात हवा. सकाळी पडद्याचं टर्मिनल सुरू केलं तर चित्र आक्रसत आक्रसत मधल्या एका रेघेएवढं झालं आणि गेलं. दुरुस्तीवाला उद्या येणार होता. विधेयक आणि दुरुस्त्या मी आल्याआल्या वाचून काढल्या होत्या. मी उठलेच होते, चिठ्ठ्या घ्यायला हात पुढे केला होता, तेवढ्यात अर्धविराम म्हणाले, "तुम्ही नको, हे काम धाकट्या बाईंच्या नावावर दिसलं तर वरच्यांना सांगताना, म्हणजे जागेचं बघायचं आहे, तेव्हा." एवढं म्हणून ते माझी नजर टाळून निघून गेले. निर्णय झालेला होता. फक्त कागदावर यायचा होता.

आमच्याकडे नियम होता की ज्याने मजकुराला हात लावला त्याने त्याची प्रुफं वाचायची नाहीत. तेव्हा प्रुफं माझ्याकडे. ती येईपर्यंत मी दुसऱ्या एका विधेयकाचे कागद घेऊन धाकटीकडे पाठ करून बसले. ती कागदी टर्मिनलसमोर बसली. चिठ्ठ्यांची चळत टेबलावर ठोकून सारखी केल्याचा आवाज आला. मग तिने पहिली कमांड टाइप केली.

विधेयकातल्या शेवटच्या दुरुस्तीचा ओळ क्रमांक तीनशे अठ्ठ्याण्णव होता. पहिल्या दुरुस्तीचा एकतीस, आणि ती होती एकतीस व बत्तीस या दोन ओळी गाळण्याची. तीन आकडी क्रमांकाचे तीन ठोके आणि दोन आकडीचे दोन, एवढा हिशोब मला झोपेतही कळला असता. मला दोन ठोके ऐकू आले. धाकटी वरून सुरू करत होती.

मी काही बोलले नाही. हे वाक्य मी इतक्या वर्षांत मनात पुष्कळ वेळा लिहून पाहिलं आहे, त्याला काही कारणं जोडून पाहिली आहेत, पण ती नंतर चिकटवलेली होती. त्या वेळी माझ्या मनात एकच होतं: आता कळेल. मूग गिळून बसले आणि कान टवकारले. पुढची कमांड. त्याच्या पुढची. प्रत्येक ओळ दोन घरं चुकून पडत होती, आणि मधे आणखी काही गाळायच्या ओळी होत्या, तसतसं अंतर वाढत चाललं होतं. दुरुस्त्या जवळपास सगळ्या अख्ख्या ओळींच्या होत्या, म्हणून यंत्र हटकत नव्हतं. शब्द बदलायचा असता आणि तो त्या ओळीत नसता, तर त्याने प्रश्नचिन्ह छापलं असतं. तशी दुरुस्ती एकच होती, नववी.

नववीला यंत्राने एकच अक्षर छापलं आणि ते थांबलं. मी ते ऐकलं. माझ्या हातातला कागद तसाच राहिला. मागे बराच वेळ काही हालचाल नव्हती, फक्त कागद उलटल्याचा आवाज आला, एकदा, पुन्हा एकदा. मग धाकटीचा आवाज आला.

"ताई, बरोबर चाललंय ना गं?"

मी मान वळवली नाही. "चालू दे," मी म्हटलं.

मग पुन्हा खडखड सुरू झाली, आधीपेक्षा जोरात. जेवणाच्या सुट्टीआधीच तिचं काम संपलं. तिने फाइल साठवली, अर्धविरामांना सांगून आली, आणि माझ्या टेबलावर पेल्यात चहा आणून ठेवला. तो मी प्यायले.

दोन वाजता प्रुफं आली. मी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, कारण वाचणं हे माझं काम होतं आणि ते मी चोख करते. त्या कायद्यात 'विहीर' या शब्दाची व्याख्या 'तीन महिन्यांपर्यंत कैद' अशी झाली होती. पाणी अधिकारी नेमायचं कलम नाहीसं झालं होतं, पण त्याच्या रजेचं कलम होतं. कालव्याला दंड झाला होता. शेचाळीसपैकी पहिली आणि नववी एवढ्या दोनच दुरुस्त्या जागेवर पडल्या होत्या. पहिली पडणारच, नववी कशी पडली याचं मला नवल वाटलं, पण विचार करायला सवड नव्हती. मी लाल पेनाने खुणा केल्या आणि पानं घेऊन अर्धविरामांच्या खोलीत गेले. आत फोरमन बसला होता हे मला माहीत होतं. त्याला तिथे जाताना मी पाहिलं होतं.

पुढचा पाऊण तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर पाऊण तास आहे, आणि हे म्हणायला मला लाज वाटते तरी ते खरं आहे. मूळ मजकुराची प्रत यंत्रात वेगळी ठेवलेली असे. ती उघडून मी टर्मिनलसमोर बसले आणि तीनशे अठ्ठ्याण्णवपासून वर यायला लागले. छापलेला कागद उघडलाच नाही, सगळं डोक्यात होतं. अर्धविराम, फोरमन आणि शाखेतली सगळी माणसं मागे उभी होती. धाकटी शेजारी उभी राहून चिठ्ठ्या वाचत होती, शेचाळीस, पंचेचाळीस, चव्वेचाळीस, अगदी स्वच्छ आवाजात. एकही प्रश्नचिन्ह आलं नाही. चारला दहा कमी असताना फोरमन मजकूर घेऊन गेला. अर्धविराम म्हणाले, "बाई, आज तुम्ही नसतात तर." या वेळी त्यांचं वाक्य पुरं व्हायची गरज नव्हती.

घरी धाकटीनेच आईला सांगितलं, ताईमुळे वाचले, नाही तर विहिरीला तुरुंगात टाकलं होतं मी. दोघी पोट धरून हसल्या. मग आई माझ्याकडे वळून म्हणाली की तू तिला आधी शिकवून ठेवायला हवं होतंस, मोठी ना तू. त्या दिवशीसुद्धा.

जागा मला मिळाली. धाकटी महिन्याभराने एका वर्तमानपत्रात लागली, तिथे प्रत्येक टेबलावर पडदा होता. पुढे ती एडिटर बनवणाऱ्या कंपनीत गेली, आणि पाच-सहा वर्षांनी आमच्या शाखेत जो नवा एडिटर आला त्याचं माहितीपुस्तक तिनेच लिहिलेलं होतं. कागदी टर्मिनलं भंगारात गेली. माझ्या पक्क्या जागेवर बसून मी माझ्या बहिणीचं पुस्तक पान पान उलटून शिकले. ते वाईट असतं तर बरं झालं असतं. अगदी सोपं, प्रेमाने समजावून सांगितल्यासारखं लिहिलेलं होतं. तिने मोठं घर घेतलं, आई शेवटची वर्षं तिच्याकडे राहिली, आणि आई गेली तेव्हा हात तिच्या हातात होता. मी औषध आणायला खाली गेले होते.

तरी इतकी वर्षं माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात एक गोष्ट जपून ठेवलेली होती. मला तिची शरम वाटे, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही. तिला सगळं मिळालं, पण एक वस्तू अशी होती जी तिची होणार होती आणि मी ती तिच्या हातातून काढून घेतली. तिला न कळता.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी आम्हाला ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर एका छोट्या खोलीत शेजारी शेजारी बसवलं. मधे माइक, समोर ती मुलगी. मी आधी बोलले. एडिटर, चिठ्ठ्या, खालून वर. मुलगी मान डोलावत होती, पण मधेच तिने घड्याळाकडे पाहिलं. मग धाकटी बोलायला लागली आणि मुलीने पेन खाली ठेवलं. धाकटीने पाणीवाटप विधेयकाचा किस्सा सांगितला. माझाच पराक्रम, पण असा सांगितला की मी कधी तसा सांगू शकले नसते. मी कशी बसले, बोटं कशी चालत होती, फोरमनचं तोंड कसं उघडं राहिलं. विहिरीच्या व्याख्येला मुलगी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. माझं कौतुकसुद्धा हिच्याच तोंडून चांगलं वाटतं, असं मनात येऊन मी जळफळत बसले होते.

"आणि कान काय होते ताईचे!" धाकटी म्हणाली. "पाठमोरी बसून नुसत्या आवाजावरून सांगायची, कोणती कमांड चाललीय ते."

मुलगी सहज म्हणाली, "मग त्या दिवशी नाही का कळलं त्यांना?"

तिच्या मनात काही नव्हतं. तिने पुढचा प्रश्न विचारावा तसा विचारला. माइकचा लाल दिवा चालू होता.

"त्या दिवशी ताईला सर्दी होती ना," धाकटी म्हणाली. "कान बंद झाले होते बिचारीचे." आणि ती लगेच वर्तमानपत्रातल्या पडद्यांविषयी बोलायला लागली.

मला सर्दी नव्हती. इतक्या वर्षांनी कुणाला कशाची सर्दी आठवते? पुढचं मला काही ऐकू आलं नाही. मुलीने आमचे आभार मानले, कागदावर सह्या घेतल्या, धाकटीबरोबर एक फोटो काढून घेतला आणि मग माझ्याबरोबरही काढला. आम्ही बाहेर जिन्यापाशी आलो. लिफ्ट बंद होती.

मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

काय, असं तिने विचारलं नाही.

"तेव्हाच. नववीला प्रश्नचिन्ह आलं तेव्हा. म्हटलं, शब्द कसा नाही या ओळीत? कागदावर पाहिलं, यंत्रात पाहिलं, कळलं की आकडे सरकतायत. म्हणजे खालून यायला हवं होतं."

मला जे दोन विधेयकं मातीत घालून सुचलं होतं ते तिला दोन मिनिटांत सुचलं होतं. हे आधी मनात आलं, बाकीचं नंतर. मी म्हटलं, "मग फाइल साठवली नव्हतीस अजून. तशीच सोडून पुन्हा सुरू करायचं होतंस. अर्ध्या तासाचं काम."

"हो. म्हणून तर तुला विचारलं."

मी पदर सारखा केला.

"तुला ऐकू येतं हे मला ठाऊक होतं ना. पहिल्या ओळीपासून तू ऐकत असणार. तू चालू दे म्हणालीस, तेव्हा कळलं, तुला ती जागा किती हवीय ते." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, त्यात राग नव्हता. मी राग शोधत होते. "नववी तेवढी नीट केली, राहवेना. बाकीच्या तशाच ठोकल्या. प्रुफं तुझ्याकडे होती, तू चूक जाऊ देणार नाहीस याची खात्री होती. पण ताई, आधी बोलली असतीस तर मी अर्जच केला नसता गं. मला कुठे तिथे राहायचं होतं?"

ती बोलत होती आणि माझ्या पायाखालची जमीन सरकत होती. छत्तीस वर्षांची नोकरी, निवृत्तीच्या दिवशीचा हार, कपाटातलं ते कायम नेमणुकीचं पत्र, सगळं मी चोरीचं समजून सांभाळलं होतं, आणि चोरीचं का होईना, ते माझं होतं. सगळीकडे धाकट्या बहिणी मोठीचे कपडे घालतात, तिला आखूड झालेले, जुने झालेले. आमच्यात उलटं झालं होतं. तिला नको असलेली जागा मी एकोणतीस वर्षं अंगावर मिरवली, आणि ती समोर बसून छान दिसते म्हणत राहिली. ती जागा मी चोरलेलीच राहिली असती तर मला फार बरं वाटलं असतं.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तुला वाईट वाटलं असतं," ती म्हणाली.

मी पायऱ्या उतरायला लागले. माझे गुडघे दुखतात हे तिला माहीत आहे, म्हणून तिने माझा दंड धरला. मी तो झटकून सोडवला. दोन पायऱ्या तशाच उतरले, आणि मग पुन्हा तिचा हात धरला, कारण कठडा तिच्या बाजूला होता.